दख्खनचे मासे आणि एक परदेशी पाहुणा

फुलंब्रीच्या आमच्या एका स्नेह्यांनी घरच्या काचेच्या हौदात दोन अनोळखी मासे आणून सोडले. अंग कठीण पट्ट्यांनी मढविलेले, तोंड पोटाच्या अंगास, आणि शेपटीतून निघालेला चाबकासारखा लांब तंतू. विकणाऱ्यास नाव ठाऊक नव्हते. मग नर कोण, मादी कोण, हे तो काय सांगणार? हे कोडे आमच्याकडे आले.

आम्हांस प्रथम स्मरण झाले ते कर्नल विल्यम साइक्स यांचे. ह्या लष्करी गृहस्थांस मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची सांख्यिकी माहिती जमविण्यास नेमले. त्या धामधुमीत त्यांनी इकडील नद्यांतले मासेही पारखले, आणि त्यांवरील सचित्र निबंध १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या ग्रंथमालेत निघाला. त्यांपैकी 'यॅरेली' नावाच्या दांडग्या माशाच्या शेपटीसही तंतू असतात. परंतु त्याचे अंग उघड्या कातडीचे. आमचा तर्क फसला.

तथापि त्या निबंधाने आम्हांस गुंतविले. साइक्स यांनी कित्येक मराठी नावेच लॅटिनच्या पंगतीस बसविली आहेत: शिंगाळा, घोगरा, ताकरी, गुंगवारी. त्यांच्या अनेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. तेव्हा वर्णन व चित्र यांच्या जोडीला कोणा अनामिक मासेमाराच्या तोंडचा शब्द हाही एक साक्षीदारच म्हणावयाचा.

योगायोग असा की, आमच्या पाहुण्यांचे कुळही त्याच ग्रंथमालेत सापडले. दक्षिण अमेरिकेतील ह्या चिलखती माशांवर टेट रीगन यांनी १९०४ साली तेथेच मोठा प्रबंध लिहिला. ब्लीकर यांनी १८६२ साली स्थापिलेल्या रिनेलोरिकेरिया ह्या वंशाशी लक्षणे जुळली. जातीचे नाव मात्र आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. ह्या वंशात वयात आलेल्या नराच्या गालांवर राठ केस उगवतात, अंडी पोकळीत घातली जातात व राखण बापच करतो. एका माशास असे केस होते. दुसऱ्यास नव्हते, पण तो मादी की कोवळा नर, हे वरून पाहता पोट गोलावले म्हणजेच कळावयाचे.

"दोन्ही नर निघाले, तर एक गिरजा नदीत सोडतो," असे स्नेही सहज म्हणाले. आम्ही त्यांस निक्षून मनाई केली. ह्याच कुळातले हौशी लोकांनी पाळलेले मासे देशातील अनेक पाणवठ्यांत पसरले आहेत. आणि गिरजेचे पाणी पूर्णेवाटे गोदावरीस मिळते.