लायसन्सचा रेडिओ आणि बिनलायसन्सची हवा

माझ्या वयाच्या लोकांना रेडिओचं लायसन्स नक्की आठवत असेल. लहानशी पुस्तिका, मालकाचं नाव, आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून आत लावून घ्यायचं तिकीट. आमच्या मुरबाडकडच्या घरी ही पुस्तिका वडिलांच्या पेटीत जमिनीच्या कागदांबरोबर असायची. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. "गाणी ऐकायला सरकारची परवानगी?" म्हणतात. हो बाबांनो, परवानगी! १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा होता.

थोडं मागे जाऊ. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, आणि आवाज नीट पोचायचा साधारण तीस मैलांपर्यंत. आपलं आसनगाव स्टेशन मुंबईपासून पन्नास मैलांच्या पुढे. म्हणजे मुंबईची गाणी कल्याणच्या आसपास दमून बसत असणार! लायसन्सच्या पैशांवर कंपनीचं भागेना. १९३० साली ती बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला. १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं.

खेड्यात रेडिओ आला तो मात्र घरात नाही, चावडीवर. आमच्या गावात ग्रामपंचायतीचा एकच रेडिओ होता. संध्याकाळी तो लावला की ओट्यावर जागा मिळत नसे. भाव, हवामान, बातम्या, मग गाणी. ऐकण्याइतकंच त्यावर बोलणं चाले. या बोलण्याची किंमत ओळखून १९५६ साली पुणे आकाशवाणी आणि युनेस्को यांनी एक प्रयोग केला, शेतकरी रेडिओ मंडळांचा. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरॅथ यांच्या मार्गदर्शनाखाली पाहणी केली आणि प्रयोग यशस्वी ठरला. आपला ठाणे जिल्हा त्यात नव्हता याची मला अजून चुटपुट आहे. असो. त्याच पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण आठवड्याला एक गाणं या हिशोबाने वर्षभर चाललं होतं, हे वाचकांना सांगायला नकोच.

मग ट्रान्झिस्टर आला. चावडीवरचा रेडिओ खांद्यावर, उशाशी, बैलगाडीत गेला. एकत्र ऐकणं कमी झालं. १९८० च्या दशकाच्या मध्याला घरगुती रेडिओचं लायसन्सही गेलं. पेटीतली पुस्तिका रद्दीत गेली.

पण हवेवरचा परवाना अजून पुरता गेला नव्हता. आज ज्याला आपण वायफाय म्हणतो, तेही रेडिओच आहे. फक्त या रेडिओला ऐकूही येतं आणि बोलताही येतं! त्यातला जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. मायक्रोवेव्ह भट्ट्या वगैरे याच पट्ट्यात चालत असल्यामुळे तो गोंगाटाचा, कुणाला फारसा नको असलेला. अमेरिकेने १९८५ मध्ये तो संपर्कासाठी परवान्याविना खुला केला. १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक ठरलं. आपल्या सरकारने हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला. ही बातमी तेव्हा शहापूरला कुणाच्या कानावरही आली नसेल, पण माझ्या मते ती पोस्टातल्या लायसन्सच्या शेवटाइतकीच मोठी होती.

आता घरातली गोष्ट. आमच्या सौ.चं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या मागच्या खोलीत पडून आहेत. सकाळी सहाला अभंग आणि मग बातम्या, हा त्यांचा दिवसाचा आधार. मागची खोली जुनी, भिंत दगडमातीची, हात-दीड हात जाड. वायफाय तिथे पोचता पोचता मरायचं. म्हणून पुतण्याने मेश राउटर आणला. एक डबी पुढे, एक मधल्या खोलीत, एक मागे. पण नवा राउटर आला आणि घरातले तिन्ही स्पीकर मुके झाले! दोन दिवस अभंग नाहीत. सौ. काही बोलल्या नाहीत, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. ते मला बघवेना.

कारण साधं होतं. स्पीकर जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड पाठ करून बसतो. नाव बदललं की तो बंद दारावर थापा मारत राहतो. पुतण्याने नव्या राउटरला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड दिला आणि जुन्या डबीचं वायफाय बंद केलं. दोन स्पीकर आपोआप जागे झाले. मागच्या खोलीतल्याची मात्र खटपटीत पाटी कोरी झाली होती. त्याला कळतो फक्त २.४ चा पट्टा आणि फोन जाऊन बसला होता ५ गिगाहर्ट्झवर. "काका, पाच मिनिटं तो पट्टा बंद करू," पुतण्या म्हणाला. तेवढ्यात स्पीकर जोडला गेला. पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय असतं, त्यावर स्पीकर जोडू नये, हेही त्याने सांगितलं. तिथे एका यंत्राला सहसा दुसरं दिसत नाही.

मेशची कल्पना मला फार आवडली. आपल्याकडे दवंडी एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायची, तिथून पुढच्या. तसंच हे. एक डबी दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला. दर टप्प्याला वेग थोडा घटतो, पण निरोप पोचतो. मुळात हे शास्त्र १९७० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या पैशातून वाढलं. सोनोस कंपनीने २००५ मध्ये घरातली संगीतयंत्रं अशी एकमेकांशी जोडली, आणि राउटरचे घरगुती मेश संच २०१६ च्या सुमारास बाजारात आले.

आणि हे फक्त बंगल्यांपुरतं नाही. २०१४ पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर भागातल्या काही गावांत आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने ग्राम मार्ग नावाचा प्रयोग केला. टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट गावापर्यंत आणायचं आणि तिथून वायफायने वाटायचं. २०१७ साली त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

परवान्याची हवा मोकळी झाली, हे चांगलंच झालं. मला चिंता वेगळी आहे. परवाना होता तेव्हा एका रेडिओभोवती सारा गाव होता. आता तीन स्पीकर आहेत आणि ऐकणारी माणसं दोन. डोंगराआडच्या पाड्यांवर मात्र फोनला अजून टेकडीवर चढावं लागतं. निरोप पुढे देण्याचं काम डब्या शिकल्या. आपण विसरू नये म्हणजे झालं.

तुमच्या गावच्या चावडीवर रेडिओ होता का? आठवत असेल तर जरूर कळवा.