विलगीकरण, शोभिवंत माशांचे

नवीन मासे घरच्या मत्स्यटाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याची पद्धत. तारापोरवाला मत्स्यालयामुळे (१९५१) मुंबईकरांना मासे पाळण्याची हौस लागली, क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांनी ती घराघरांत नेली. विलगीकरण मात्र फार थोडे पाळतात. दुकानातल्या टाक्यांत ठिकठिकाणचे मासे एकत्र येतात. वाहतुकीचा ताण आणि गर्दी यांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती घटते व दबलेला रोग घरी आल्यावर डोके वर काढतो.

सर्वांत परिचित रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. गोड्या पाण्यात तो 'इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस' या एकपेशीय परजीवीमुळे होतो. परजीवी त्वचेखाली असेतो त्याला औषध लागू पडत नाही. पुढे तो गळून तळाशी कोश करतो आणि त्यातून शेकडो पोहणारी पिल्ले निघतात. औषधाचा घाव बसतो तो यांच्यावर. २५ अंश सेल्सिअसला हे चक्र साधारण आठवड्याभरात पुरे होते, थंड पाण्यात लांबते. म्हणून दोन-चार दिवसांचे विलगीकरण म्हणजे नुसते समाधान. दोन ते चार आठवडे हवेत.

विलगीकरणाची टाकी साधी चालते: तळ उघडा, लपायला पाइपचा तुकडा, हीटर आणि स्पंज फिल्टर. स्पंज आधी काही आठवडे मुख्य टाकीत ठेवावा, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वसतात. जाळी व नळी वेगळी ठेवावी. मासे आणलेल्या पिशवीतले पाणी कोणत्याच टाकीत ओतू नये.