आजीची सुई : आपल्या ज्ञातीच्या इतिहासातील एक न लिहिलेले पान

श्रीसंत नामदेव महाराजांच्या घरातील माणसांची नावे आपल्या ज्ञातीतील बहुतेक वृद्धांस मुखोद्गत असतात. पिता दामाशेटी, माता गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, कन्या लिंबाई. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र. आणि लाडाई, गोडाई, येसाई व साखराई या चार सुना. परंपरेने ही नामावळी आपणांपर्यंत पोहोचविली, आणि तिचे मोठे श्रेय त्या घरी दासी म्हणून राहिलेल्या जनाबाईंच्या वाणीस दिले जाते. १२७० साली जन्मलेल्या एका शिंप्याच्या घरातील आजीचे व नातसुनांचे नव्हे, तर सुनांचेही नाव सात शतके टिकते. मात्र आपल्या कोणत्याही कुटुंबाची वंशावळ उघडून पाहावी, तीत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे ओळीने सापडतील आणि स्त्रियांच्या जागी रेघ सापडेल. आमच्या वंशावळीत आजीच्या जागी ‘पत्नी’ एवढा एकच शब्द आहे. लग्नात तिचे नाव बदलले. माहेरचे नाव विचारले तर ती हसून विषय टाळीत असे. आज ते नाव घरात कोणासही ठाऊक नाही.

सुई हे तर आपल्या ज्ञातीच्या उपजीविकेचे साधन. पण दुकानात बसलेल्या पुरुषाच्या सुईस ‘धंदा’ म्हणत आणि माजघरात बसलेल्या बाईच्या सुईस ‘घरकाम’. पहिलीचा हिशेब वहीत उतरला, दुसरीचा उतरला नाही. इतिहासाचा हा पक्षपात ज्ञातीपुरताच आहे असेही नाही. येथून जवळच खुलताबादेस औरंगजेब बादशहाची कबर आहे. स्वहस्ते टोप्या शिवून मिळविलेले चार रुपये दोन आणे त्याने आपल्या कफनासाठी राखून ठेवले, अशी आख्यायिका प्रत्येक वाटाड्या सांगतो. बादशहाच्या टोप्यांची किंमत आण्यांपर्यंत लोकांच्या ध्यानात राहिली! असो.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली, तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. हिमरू व मशरू यांचे माग शहरात, पैठणीचे माग पैठणास. त्यामुळे कापडाची जाण येथे गल्लोगल्ली होती. निजामी अमलात शेरवानीस मान असल्याने शिंप्यांचे बरे चाले. आमच्या आजोबांचे दुकान गुलमंडीच्या बाजूस होते. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला ‘मानमोडी’ म्हणत. दोन दिवसांच्या तापात आजोबा गेले. आजीचे वय तेव्हा पुरते पंचवीसही नव्हते आणि पदरी दोन मुले होती.

पुण्यास १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन निघाले होते व तेथे विधवांस शिवणकाम शिकवून पायांवर उभे करीत. औरंगाबादेच्या माजघरात त्या वार्तेचा उपयोग नव्हता. आजीने दुकानातील यंत्र विकले नाही, परंतु त्यावर बसलीही नाही. विधवेने बाजाराकडे तोंड करून बसावे हे दिरांस मान्य नव्हते. ते यंत्र दिरांनी चालविले. आजीने मागील दारी हाताची सुई चालविली. बाळंतविड्याची कुंची, अंगडी, टोपडी, दुपटी आणि सर्वांत अधिक म्हणजे वाकळा. मोबदला कधी ज्वारी, कधी हाली रुपया, पुष्कळदा ‘पुढच्या महिन्यात देते’ हे आश्वासन. या मिळकतीवर वडील शिकले. सरस्वती भुवन ही शाळा १९१५ पासून शहरात होती, आणि राज्यभाषा उर्दू असण्याच्या त्या काळात मुलाने मराठीही नीट शिकावे हा आजीचा हट्ट होता. ती स्वतः निरक्षर होती.

वाकळ शिवणे हे सोपे काम आहे असा तरुण भगिनींचा समज दिसतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जुनी नऊवारी लुगडी धुऊन, उन्हात वाळवून, त्यांचे काठ आधी वेगळे काढीत. काठांची वीण घट्ट असल्याने ते कडेस लावण्यास उपयोगी पडत. सारवलेल्या अंगणात एक लुगडे ताणून पसरायचे, त्यावर धोतरे व विरलेल्या कपड्यांचे तुकडे असे मांडायचे की कोठे उंचवटा राहू नये व कोठे पोकळी राहू नये; मग वर दुसरे लुगडे. कच्चे टाके घालून सारे थर बांधून घ्यायचे आणि कडेकडेने धावदोरा घालीत आत सरकत जायचे. दोन ओळींत बोटाच्या पेराएवढे अंतर. टाका फार ओढला तर वाकळ गोळा होते, सैल सोडला तर धुण्यात थर सरकतात. हे काम चैत्र-वैशाखात चाले, कारण अंगण तेव्हा कोरडे असते. शेजारणी जमत, चौघी चार कडांना बसत. आजीचा टाका मात्र उलटून पाहिला तरी ओळखू येई. मागची बाजू पुढच्यासारखीच असे.

बंगालमधील कांथा, जपानमधील ठिगळांचे बोरो व उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी भगिनींची कवंदी या आपल्या वाकळेच्याच बहिणी होत. मलिक अंबर हाही हबशीच होता. या योगायोगास योगायोगापलीकडे अर्थ देण्याचे कारण नाही. कांथा व बोरो संग्रहालयांत गेले. वाकळ मात्र गरिबीची खूण समजून आपण माळ्यावर टाकली, हे मला खटकते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधीच्या रझाकारांच्या धामधुमीत खेड्यांतून आलेले आप्त आमच्या ओसरीवर निजत, तेव्हा घरातील प्रत्येक वाकळ अंथरली गेली. पुढे वडिलांनी पायाने चालणारे नवे यंत्र आणले. आजीने त्याचे कौतुक केले, तेल घातले, नातवंडांचे परकर त्यावर शिवू दिले. वाकळ मात्र हातानेच, कारण यंत्राची टीप ‘बोचते’ असे ती म्हणे. १९७२ च्या दुष्काळातही ती खडीच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी दुपटी शिवीत होती. त्या सालानंतर तिची दृष्टी गेली. तरी सुईत दोरा ओवून मागे आणि चाचपून टाका घाली.

तिच्या तीन वाकळा आज शिल्लक आहेत. एकीच्या आत आजोबांच्या शेरवानीच्या अस्तराचे तुकडे आहेत. शिवण उसवल्याखेरीज ते दिसणार नाहीत. ज्या कुटुंबांत अशा जुन्या वाकळा, कुंच्या वा कशिद्याची वस्त्रे असतील, त्यांनी ती कोणी व कोणाच्या लुगड्यांची शिवली हे घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी कापडी पिशवीत घालून कोपऱ्यास टाचावी. शिवणाऱ्या बाईचे माहेरचे नाव आधी लिहावे.