पद्मिनीची इटालियन बहीण

मागच्या शनिवारी पालघरहून मनोरकडे जाताना मासवणला चहाला थांबलो. टपरीमागे एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी होती. टायर बसलेले, मागच्या सीटवर कोंबडी. मित्र म्हणाला, "काय डबा आहे!" मी म्हटलं, "अरे, ह्या इंजिनाने नुव्होलारीला पळवलंय." तो हसला. म्हणून हा लेख.

तर मंडळी, गोष्ट १९३७ ची. फियाटच्या दांते जाकोसाने घडवलेल्या ५०८ सी गाडीत १,०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन आलं. ३२ हॉर्सपॉवर. साधं, दणकट, घरगुती. अल्फा रोमिओ सोडल्यावर एन्झो फेरारीने १९४० मध्ये आपली पहिली गाडी, ८१५, केली तीही ह्याच ५०८ सीचे भाग वापरून. (करारामुळे तिला स्वतःचं नाव देता येईना!)

पण माझी लाडकी आहे ती चिसितालिया. युद्धाने इटली खंगलेली, आणि तुरिनच्या पिएरो दुसिओला रेसिंग कार हवी. त्याने गाठलं जाकोसालाच. जाकोसा दिवसभर फियाटची नोकरी करून संध्याकाळी हिची ड्रॉइंग्ज काढायचा. म्हणजे चक्क साइड प्रोजेक्ट! नवं इंजिन करायला पैसा नव्हता, मग चालणारं जुनंच घेतलं. कॉम्प्रेशन वाढवलं, ऑइल वेगळ्या टाकीत नेलं, ताकद ६० हॉर्सपॉवरपर्यंत आली. खरी करामत मात्र वजनात होती. बारीक नळ्यांचा सांगाडा, गाडी सुमारे ४०० किलोची. (पद्मिनी ९०० च्या घरात.) १९४६ मध्ये तुरिनच्या पहिल्याच शर्यतीत दुसिओ स्वतः जिंकला, आणि नुव्होलारीचं स्टिअरिंग व्हील हातात निघून आलं. तरी पठ्ठ्या चालवत राहिला!

पुढे २०२ आली, बॉडी पिनिन फारिनाची. १९४७ च्या मिले मिलियात नुव्होलारी तिच्यातून दुसरा आला, पहिली गाडी जवळपास तीन लिटरची अल्फा होती. २०२ आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. दुसिओ मात्र ग्राँ प्रीच्या गाडीपायी बुडाला.

आणि आपल्याकडे? वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात १९५४ पासून फियाट ११०० बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली. इंजिन तेच, १,०८९ सीसी. इटलीत ११०० बंद झाली १९६९ ला, आपण ती जवळजवळ २००० पर्यंत रेटली. लायसन्स राजमध्ये गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत, मग सुधारणा कोण कशाला करेल? माझ्या मते दोष इंजिनाचा नव्हताच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

टपरीवाल्या काकांना बॉनेट उघडायला लावलं. गंज चढलाय, पण इंजिन जागेवर आहे. विकणार का, विचारलं. नाही म्हणाले.