जन्मजात हृदयदोष-शस्त्रक्रिया (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

गर्भात हृदय घडताना राहिलेले व्यंग दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया. दर हजार जन्मांमागे साधारण ८-९ बाळांत असे व्यंग असते. हृदयाच्या पडद्याला छिद्र हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. अमेरिकेत मिनेसोटा येथे वॉल्टन लिलहाय यांनी १९५४ मध्ये एका बाळाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील छिद्र प्रथम शिवले. ते बाळ अकराव्या दिवशी न्यूमोनियाने दगावले.

आज अनुभवी केंद्रांत साध्या छिद्राच्या शस्त्रक्रियेत मृत्यू क्वचितच होतो. धोका वाढतो तो कमी वजन, छातीतला जंतुसंसर्ग आणि उशीर यांमुळे. मोठे छिद्र असलेले बाळ दूध ओढताना दमते, घामाघूम होते, वाढत नाही. जिथे कमी वजनाची बाळे पुष्कळ, तिथे हे नुसते कुपोषण वाटून महिने निघून जातात. तोवर फुफ्फुसांतला रक्तदाब वाढत राहतो. शेवटी रक्ताचा प्रवाह उलटतो. मग छिद्र बुजवणेच जिवावर बेतते.

म्हणून तपासणी मोलाची. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा, शाळेतील मुलांना एकदा तपासतात. संशय आल्यास टू-डी इको (ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी) होतो. खर्चासाठी २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना) आली. पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. छत्तीसगडमधील नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची शस्त्रक्रिया मोफत होते. अंतराचा प्रश्न मात्र उरतोच: पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा रस्ता बंद, आणि आजारी बाळ तिथेच अडकते.

या दोन जिल्ह्यांतील खास जोखीम सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. शस्त्रक्रियेत हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर घेतात आणि शरीर थंड करतात. थंडी, प्राणवायूची कमतरता व रक्तातील आम्लता यांनी सिकलसेलच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. त्यामुळे येथील प्रत्येक बाळाची सिकलसेल तपासणी आधीच व्हायला हवी. आजार निघाल्यास शरीर फार थंड न करणे, गरजेनुसार काही रक्त बदलून घेणे, असे उपाय योजता येतात.

फॅलोचा चतुर्दोष या आणखी एका व्यंगात, ज्यात बाळ निळे पडते, दुरुस्तीनंतरही फुफ्फुसाकडची झडप पुढे गळू शकते. अशा रुग्णाला मोठेपणीही ठरावीक काळाने इको करावा लागतो.