मैदानाच्या नावाची वस्ती

पुण्याच्या बहुतेक पेठांना वारांची नावं आहेत, नाहीतर पेशवाईतल्या कर्त्या माणसांची. लकडी पूल ओलांडून मुठेच्या पश्चिमेला आलं की मात्र एक अख्खी वस्ती खेळाच्या संस्थेच्या नावाने ओळखली जाते. रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ म्हटलं तरी पुरतं. इथे घर असणं ही आज श्रीमंतीची खूण मानतात. पण डेक्कन जिमखान्याचं नाव मोठं झालं ते जागेच्या भावामुळे नव्हे, मैदानामुळे.

संस्था स्थापन झाली 1906 साली. बंगभंगानंतर स्वदेशीची हवा होती आणि कॅम्पातले क्लब साहेबांचे होते. बंडोपंत भाजेकरांनी संस्थेसाठी खस्ता खाल्ल्या, लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला. देशी खेळांबरोबर विलायती खेळही आपल्या पोरांनी मैदानात उतरून खेळावेत, एवढी साधी उमेद त्यामागे होती.

या वाटचालीतलं सोनेरी पान 1919चं. जिमखान्याच्या त्या वर्षीच्या शर्यतींना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले. धावणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांची, पायांत काही नाही, स्पर्धेचे नियम कुणी शिकवलेले नाहीत. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. टाटांनी हे हेरलं, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची मदत घेतली आणि 1920 साली सहा जणांचा भारतीय संघ अँटवर्प ऑलिंपिकला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं. भारतीय संघाच्या ऑलिंपिकच्या वाटेची सुरुवात अशी पुण्यातल्या एका मैदानावर झाली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

परिसरही तोलामोलाचा. फर्ग्युसन कॉलेज 1885चं, गोखल्यांचा भारत सेवक समाज 1905चा, भांडारकर संस्था 1917ची, लॉ कॉलेज 1924चं. प्राध्यापक, वकील, डॉक्टर इथे बंगले बांधून राहिले, कारण कामाची जागा पायी जाण्याइतकी जवळ होती. 1933 साली कोल्हापूरहून प्रभात फिल्म कंपनी पुण्यात आली आणि एका रस्त्याला तिचं नाव मिळालं. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला. त्यातूनही वस्ती सावरली.

आता प्रभात रोडच्या गल्ल्यांत जुने बंगले पाडून इमारती उठताहेत. घरं जुनी झाली, वारस वाढले, म्हणून पुनर्विकास होणार, हे मान्य. झाडं तुटतात तेव्हा मात्र जीव कळवळतो. जिमखान्याबद्दलही माझं एक आग्रहाचं मागणं आहे. अनवाणी धावणाऱ्या मुलांनी या संस्थेला मोठं केलं, म्हणून ज्याला वर्गणी परवडत नाही अशा मुलालाही तिथे सरावाला जागा मिळावी.

आणि वस्तीकडेही एक मागणं. इथल्या रस्त्यांना विद्वानांची आणि चित्रसंस्थेची नावं शोभून दिसतात. एखाद्या गल्लीच्या कोपऱ्यावर फडेप्पा चौगुल्यांचं नाव वाचायला मला फार आवडेल.