माळ्यावरची छऱ्याची बंदूक : ज्वारीच्या राखणीपासून जुन्या बाजारापर्यंत



आज फवारणी बाजूला ठेवून थोडा इतिहास. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात जुन्या घराच्या माळ्यावर नाहीतर भंगारवाल्याकडं अजूनही एखादी गंजलेली छऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन, सापडते. हौशी पोरं ती घेतात अन् दुरुस्त करायला बसतात. चांगलंच आहे. पण ती आली कुठून, अन् तिला हात कसा लावायचा, हे माहीत पाहिजे.

सोयाबीन येण्याआधी आपल्याकडं खरिपात ज्वारी मोठी. कणसात दाणा भरला की पोपट-चिमण्यांचे थवे उतरायचे. मचानावर बसून गोफण फिरवायची, डबा वाजवायचा, ही झाली राखण. चार पैसे असलेल्या घरात मग एअरगन आली. खरं सांगायचं तर थवा उठवायला गोफणच भारी, कारण छऱ्याचा आवाज तो केवढा! बंदूक राखणीच्या नावानं आली अन् बऱ्याच ठिकाणी व्हले-तितर मारण्यात गेली. पुढं ज्वारी मागं पडली, रोही अन् रानडुकरं वाढली. त्यांच्यापुढं छरा काय कामाचा? बंदूक माळ्यावर गेली. ज्यांच्या घरात ती नव्हती, त्यांनी ती यात्रेत फुगे फोडताना हाताळली.

जुन्या बंदुकीवर तीन नावं हमखास भेटतात. पहिलं बीएसए. आपल्याला ही सायकल म्हणून माहीत, पण मूळ कारखाना बर्मिंगहॅमचा, बंदुकांचा. लिंकन जेफ्रीजच्या १९०४ च्या पेटंटवर त्यांनी १९०५ पासून एअर रायफली बनवल्या. दुसरं डायना. जर्मनीतल्या राश्टाट गावची कंपनी, स्थापना १८९०. शिक्क्यावर शिकारीची देवी डायना. धनुष्य टाकून हातात बंदूक उंच धरलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर भरपाई म्हणून तिची यंत्रं अन् नावही स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडं गेलं. म्हणून 'डायना' लिहिलेली प्रत्येक बंदूक जर्मन नसते, शिक्का नीट वाचा.

तिसरं नाव आपलं. रस्त्याच्या मोरीत घालतो तो ह्यूम पाइप! सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये काढलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनंच 'नॅशनल' नावाच्या एअर रायफली बनवल्या. त्यातली ३५ नंबरची डायना ३५ च्या धर्तीवर.

आता दुरुस्ती. आतली रचना आपल्या हातपंपासारखीच. नळी मोडली की दट्ट्या मागं जातो अन् स्प्रिंग दबते. घोडा ओढला की दट्ट्या पुढं येऊन हवा दाबतो, छरा सुटतो. दट्ट्याच्या तोंडावर चामडी वायसर असतं. वर्षानुवर्षं पडून ते सुकतं, हवा गळते अन् जोर जातो. कित्येकदा बंदूक मेलेली नसते, फक्त वायसर तहानलेलं असतं.

• चामड्याला तेल मुरू द्या, पण हलकं तेल किंवा डिझेल ओतू नका. दाबानं हवा तापते अन् तेल आतच भडकतं. डिझेल इंजिन ह्याच तत्त्वावर चालतं.
• छऱ्याशिवाय रिकामी उडवू नका. दट्ट्या थेट आपटतो, स्प्रिंग तुटते.
• नळी मोडलेली असताना तिथं बोट घालू नका. घोडा सुटला तर बोट जातं.
• स्प्रिंग उघडताना शिकंजा लागतोच. ती दाबूनच बसवलेली असते, उसळून तोंडावर येते. जमत नसेल तर जाणकाराकडं द्या.
• गंज बारीक तारेच्या लोकरीनं तेल लावून काढा. ग्राइंडर मारू नका. नाव अन् नंबर घासला गेला की इतिहासही गेला अन् किंमतही.
• दस्त्याला आपलं जवसाचं तेल, पातळ हात देऊन. तेलाच्या चिंध्या ढिगानं टाकू नका, त्या आपोआप पेटतात. उन्हात पसरून वाळवा.

कायद्याचं महत्त्वाचं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ बोअर म्हणजे ४.५ मिमी अन् २० ज्यूलपेक्षा कमी ताकद असेल तर परवाना लागत नाही. त्याहून मोठ्या बोअरची दिसली तर घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. ओळखपत्र अन् पावतीशिवाय व्यवहार नको. अन् परवाना लागत नाही म्हणजे पाखरं मारायला मोकळीक नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. पोपट, तितर, मोर मारणं गुन्हा आहे.

कायदा सोडा, हिशोब बघा. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे लावतो. ज्या कोतवाल-साळुंकीला काठी रोवून बोलावतो, तिलाच पोरगं बांधावरून छरा मारत असेल तर ते पीक कोण राखणार?

बंदूक नीट झाली की दहा मीटरवर मागं मातीचा ढिगारा करून कागदाचं निशाण लावा. ह्याच ४.५ मिमीच्या छऱ्यावर अभिनव बिंद्रानं २००८ ला ऑलिम्पिक सुवर्ण आणलं अन् ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला जगज्जेता झाला. माळ्यावरच्या बंदुकीला यापेक्षा चांगलं काम नाही.